सायलेन्सर असावा, पण लावलेला नसावा

तुमच्या दारात रेसची गाडी उभी आहे आणि भिंतीपलीकडे रात्री झोपायची सवय असलेली माणसं राहतात, यात चूक अर्थातच त्या माणसांची. पण तुम्ही पडलात मोठ्या मनाचे. घरी लावायचा आणि ट्रॅकवर काढायचा, असा सुटा सायलेन्सर घ्यायचं तुम्ही ठरवलंत. विचार उत्तम आहे. तो अमलात येऊ नये म्हणून काय काय करावं लागतं, तेवढं सांगतो.

कॅटलॉगात त्याला मफलर म्हटलेलं असेल. गोंधळू नका. थंडीत गळ्याला गुंडाळतात तो वेगळा, आणि तुमची गाडी सुरू झाल्यावर शेजारी कानांवर ओढून घेतात तोही वेगळा.

तर सायलेन्सरची मुख्य घराणी दोन. पहिलं सरळमार्गी. भोकं पाडलेली एक सरळ पुंगळी, तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली, वरून डबा. आवाजातला वरचा, कर्कश भाग त्या लोकरीत शिरतो आणि तिथेच त्याची ऊब होऊन जाते. खर्ज मात्र मान ताठ ठेवून सरळ बाहेर पडतो. दुसरं घराणं खोल्याखोल्यांचं. आत पडदे, कप्पे, आडव्या नळ्या. आवाजाची लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडून दोघी गळपटतात. कप्प्यांची मापं नीट काढली तर हे घराणं खर्जालाही गप्प करतं. पण ते जड असतं, जागा खातं आणि तुमची गाडी तर जमिनीला पोट घासत चालते.

तुम्ही पहिलंच घ्यायचं. कारण आठ सिलिंडरांचं फोर-स्ट्रोक इंजिन ९०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर, नुसतं उभं असलं तरी सेकंदाला ६० धमाके करतं. तो ६० हर्ट्झचा खर्ज भिंतीला फारसा जुमानत नाही. कर्कश आवाज गेला, घुमणारा राहिला. म्हणजे तुम्हाला गाडी शांत वाटते आणि पलीकडच्या घरात कपाटातले पेले एकमेकांशी बोलू लागतात. सायलेन्सर लावल्याचं पुण्य पदरात, गाडीची अब्रूही शाबूत.

जाता जाता थोडा इतिहास पाठ करून ठेवा, तक्रार आली की उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट १८९७ मध्येच घेतलं. मशीनगन बनवणारा हायरम मॅक्सिम स्वतःच्या तोफखान्यापायी बहिरा झाला, आणि त्याच्याच मुलाने पुढे बंदुकीचा सायलेन्सर काढला. बापाचा आवाज मुलाने निस्तरला. तुम्हालाही मुलं आहेत, घाई कशाला?

आता डेसिबल. हे एकक देवानेच वाद घालण्यासाठी निर्माण केलं असावं. समजा, आवाज १०५ वरून ९५ वर आला. शेजाऱ्याला सांगा, ‘अहो, ध्वनीची शक्ती दहावा हिस्सा उरली!’ हे शंभर टक्के खरं आहे. माणसाच्या कानाला तो फरक साधारण निम्माच वाटतो हेही खरं, पण कान त्याचे, जबाबदारी त्याची. त्याने मोबाइलवर मोजून दाखवलंच तर अंतराचा मुद्दा काढा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. नळीपासून अर्ध्या मीटरवर १०५, एक मीटरवर ९९, दोनवर ९३, चारवर ८७ आणि आठ मीटरवर, जिथे त्याची खिडकी आहे, तिथे फक्त ८१. यातला ‘फक्त’ हा शब्द ठासून म्हणायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप शाखेने २००९ मध्ये रात्रीसाठी घराबाहेर ४० डेसिबलची पातळी सुचवली, असं तो म्हणाला तर शांतपणे विचारा, ‘पण ती वर्षभराची सरासरी ना? मग माझ्या दहा मिनिटांचं काय घेऊन बसलात?’

एक गोष्ट मात्र चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गॅरेजचं दार लावून आत इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो आवाजही करत नाही. बाकी सगळा लेख विसरलात तरी चालेल.

हां, तर जोडणी. सुटा सायलेन्सर बहुधा व्ही-बँड क्लॅम्पने लावतात. नळीच्या तोंडाला एक कडं, सायलेन्सरच्या तोंडाला दुसरं, दोन्ही एकावर एक बसवायची, भोवती पट्टा घालायचा आणि एक नट आवळायचा. दोन मिनिटांचं काम. हे काम रेसच्या आदल्या संध्याकाळी, गाडी गार असताना, उजेडात अजिबात करू नये. आट्यांना तांब्याची पेस्टही लावू नये. स्टेनलेसवर स्टेनलेस घासून नट जाम होण्यात जी गंमत आहे, ती मग राहत नाही.

पहाटे साडेचारला करा. पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरका, टॉर्च दातात धरा. डाव्या हाताने सायलेन्सर वर तोलून धरायचा, उजव्या हाताने पट्टा चढवायचा आणि नट पकडायला तिसरा हात शोधायचा. नट निसटेल. गडगडत जाऊन गाडीच्या बरोब्बर मधोमध, जिथे कुठल्याच बाजूने हात पोचत नाही, तिथे थांबेल. तो काठीने ओढताना कोपर चासिसवर आपटेल आणि टॉर्च दातात असल्यामुळे जी शिवी तोंडात येईल ती नुसती ‘ऊंऽऽ’ अशी ऐकू येईल. आख्ख्या पहाटेत सायलेन्सरने मारलेला आवाज तेवढाच. मग घड्याळ बघा, ‘आता उशीर झाला’ असं स्वतःला ऐकू जाईल इतपत पुटपुटा, सायलेन्सर टूलबॉक्सशेजारी ठेवून द्या आणि स्टार्टर मारा.

कोणी दीडशहाणा म्हणेल की गाडी ट्रेलरवरच चढवायची आहे ना, मग सुरू कशाला करता? गाडी आतून सोलून हलकी केलेली. दोघं-तिघं ढकलतील, नाहीतर विंच आहेच. असल्या माणसाशी मैत्री ठेवू नका. ढकललेल्या गाडीचा फोटो चांगला येत नाही. शिवाय ऑइल गरम व्हायला हवं, त्यासाठी दहा मिनिटं इंजिन चालू हवं, आणि मध्येमध्ये रेस केल्याशिवाय ते बंद पडतं. ट्रेलरवर चढून दोन तास प्रवास झाल्यावर ते पुन्हा गार होणार आहे, हा तपशील झाला.

खरी मौज ट्रॅकवर. जिथे आवाज ऐकायलाच माणसं मुद्दाम येतात, तिथे दारात मीटर घेतलेला एक माणूस उभा असतो. नळीपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात तो मीटर धरतो आणि इंजिन कमाल आरपीएमच्या पाऊण भागापर्यंत चढवायला सांगतो. आकडा जास्त आला की गाडी आत सोडत नाही. धावताना मर्यादा ओलांडली तर काळा झेंडा, म्हणजे मुकाट्याने ट्रॅकबाहेर या. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर आवाजाचं बंधन असलं की नळीचं तोंड मीटरच्या उलट्या बाजूला वळवून येणारेही महाभाग असतात. मीटर गप्प झाला म्हणजे झालं.

आणि इथे तुमचा सायलेन्सर दोन मिनिटांत बसतो. उजेड असतो, मदतीला माणसं असतात, नट हातातून सुटत नाही. शेजाऱ्यांच्या नावाने घेतलेली वस्तू शेजाऱ्यांपासून शंभर कोस दूर कशी चपखल काम करते, हे पाहून ऊर भरून येतो. शेजाऱ्यांच्या हातात काळा झेंडा नसतो, त्याला आपण काय करणार?

फक्त परतताना जपा. दिवसभराच्या दमणुकीत सायलेन्सर काढायचा राहून जातो. मग रात्री अकराला गाडी ट्रेलरवरून उतरवून आत घेताना ती नुसती गुरगुरते, मांजरासारखी. रस्त्यावर एकही कुत्रं उठत नाही. तुम्ही इंजिन चालूच ठेवून थोडा वेळ बसता. समोरच्या खिडकीत दिवा लागत नाही. पडदा हलत नाही. आज तुम्ही कुठे गेला होता, कितव्या नंबरावर आलात, हे विचारायला कोणीही येत नाही.

क्लच दाबा, आणि एकदाच, अगदी एकदाच, उजवा पाय खाली न्या.