तळटिपेचं कीर्तन

रविवारी दुपारी दीड वाजता, पोटात कोळंबीचं कालवण आणि डोळ्यांवर त्या कालवणाची गुंगी असताना माणसाला जगात एकच गोष्ट हवी असते. ती आतल्या खोलीत चादर अंथरून, पंखा तीनवर ठेवून तयार होती. आणि मी बाहेरच्या खोलीत ताठ बसून चार शास्त्रं ऐकायच्या तयारीत होतो.

भाचा पुण्याहून आला होता. हल्ली तो रेकॉर्ड प्लेअरवर गाणी ऐकतो. फोनवर जे फुकट वाजतं ते हा पगार खर्चून, तबकडीवरची धूळ मऊ ब्रशने पुसून, दर वीस मिनिटांनी उठून बाजू बदलत ऐकतो. त्याने म्हणे आवाजात ऊब येते. मे महिन्यात डोंबिवलीत ऊब हा काही कौतुकाचा विषय नाही, पण बहिणीचा मुलगा आहे.

"मामा, तू वाचणारा माणूस आहेस. तुलाच कळेल हे," तो म्हणाला.

अशा वाक्यांनीच माणसं फसतात. सोसायटीचा सेक्रेटरीही मी असाच झालो होतो.

बँडचं नाव येस. इंग्लंडमधला. रेकॉर्डचं नाव 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', साल 1973. म्हणजे भूगोलाच्या पेपरात पाच मार्कांना येणारा प्रश्न. दोन तबकड्या, चार बाजू आणि प्रत्येक बाजूला एकच गाणं. एकूण एक्याऐंशी मिनिटं. कव्हरवर ओसाड रात्री जमिनीलगत पोहणारे मासे आणि मागे माया संस्कृतीचं देऊळ. पाण्याबाहेर काढलेल्या त्या माशांबद्दल मला पुढच्या दीड तासात फार जवळीक वाटू लागली.

"हे सगळं एका तळटिपेवरून सुचलंय," भाच्याने सुई टेकवायच्या आधी निरूपण सुरू केलं.

हकीकत अशी. 1973 च्या मार्चमध्ये या बँडच्या जुन्या ड्रमरचं लग्न होतं. तिथे दुसऱ्या एका बँडच्या तालवादकाने गायक जॉन अँडरसनला परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला सांगितलं. (आपल्याकडे लग्नात भेटलेला माणूस विम्याची पॉलिसी सांगतो. पुस्तक परवडलं.) मग दौऱ्यावर टोकियोत, हॉटेलच्या खोलीत, त्याची नजर पान 83 वरच्या एका तळटिपेवर पडली. शास्त्रं चार प्रकारची: श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. झालं. चार शास्त्रं, चार बाजू.

तळटीप म्हणजे लेखकाने ज्याला वर जागा दिली नाही असा मजकूर. पीएचडीचा परीक्षक सोडला तर ती कुणी वाचत नाही. या माणसाने ती नुसती वाचली नाही, तिच्यावर चार सुरांचे डोंगर रचले. नावंसुद्धा तिथूनच. श्रुती म्हणजे प्रकट झालेलं, म्हणून पहिल्या बाजूच्या नावात 'रिव्हीलिंग'. स्मृतीला 'रिमेंबरिंग', पुराणाला 'एन्शंट', तंत्राला 'रिच्युअल'. शब्दकोश जवळ ठेवून केल्यासारखं सरळ भाषांतर.

पहिली बाजू सुरू झाली आणि मी जरा सावरून बसलो. वाद्यं नावालाच, आणि एक माणूस एका सुरात, श्वास न घेता, ओळीवर ओळ ओढत चाललेला. हे मला येत होतं! गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं करताना तिसाव्या आवर्तनापासून आमचं हेच होतं: अर्थ मागे राहतो आणि वेग पुढे जातो. मी मान डोलावली. भाच्याने ती पाहिली आणि त्याचे डोळे ओलावले. तिथे मी मान डोलवायला नको होती.

कारण मग वीस मिनिटं ते चालूच राहिलं. धून यायची, ओळख व्हायची, चहा विचारावा म्हणेपर्यंत निघून जायची आणि तिच्या जागी दुसरी. मला गावचं राममंदिर आठवलं. लहानपणी आजोबा कीर्तनाला न्यायचे. पूर्वरंगात बुवा एकच अभंग घेत आणि त्याच्या एका चरणातून ब्रह्म, माया, जीव असं करत तास काढत. म्हणजे एका ओळीचा डोंगर करणं आम्हाला नवं नाही. पण बुवा घड्याळाकडे बघत नसत, श्रोत्यांच्या मानांकडे बघत. दहाबारा माना कलंडल्या की वेदान्त गुंडाळायचे, नामाचा गजर करायचे, बुक्का लावून व्हायचा, आणि उत्तररंगात हरिश्चंद्र स्मशानात उभा. सगळे टक्क जागे. या मंडळींची गोची मला दुसऱ्या बाजूच्या मध्यावर कळली. चारही बाजू पूर्वरंग. हरिश्चंद्र येतच नाही.

दुसरी बाजू स्मृतीची. तिच्यातलं मला फारसं आठवत नाही. भाच्याच्या म्हणण्यानुसार मी घोरलो, माझ्या म्हणण्यानुसार तो सिंथेसायझर होता.

तिसऱ्या बाजूला जाग आली ती धडाधड आवाजाने. पत्रे आपटल्यासारखं काहीतरी, त्यावर गिटार किंचाळतेय. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, वरच्यांनी परत टाइल्स फोडायला घेतल्या का? सेक्रेटरी ना तुम्ही?"

"मामी, पुराण चाललंय," भाचा म्हणाला.

ही मेथीची जुडी हातात घेऊनच दारात आली. नेमका तेव्हा गायक सूर्याला हाका मारत होता. जगातल्या वेगवेगळ्या भाषांतली सूर्याची नावं एकामागून एक. त्यात मध्येच 'धूप' आला. आमच्या घरी धूप म्हणजे संध्याकाळी डास घालवायला लावतात तो. नंतर 'सूर्जे' असंही काहीतरी ऐकू आलं. शाळेत ड्रिलच्या तासाला 'ओम मित्राय नमः'पासून आम्ही बारा नावं घेत होतो आणि प्रत्येक नावाला वाकत होतो. इथे नुसती नावं, वाकायला कोणी नाही. भाच्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, वाकणं आतून असतं."

यावर काय बोलणार? पहाटे साडेपाचला सरांनी आतून वाकू दिलं असतं तर कंबर आज धड असती.

आणि मग, धडधड संपल्यावर, काहीच कारण नसताना ती गिटार आली. साधी, विजेशिवायची. स्टीव्ह हाऊ नावाचा माणूस एकटाच वाजवत होता, घरी कोणी नाही असं समजून वाजवावं तसं. नंतर त्यात गाणं मिसळलं, तेही हळू आवाजात. पंखा आपोआप मोठा ऐकू यायला लागला. ही दाराच्या चौकटीला टेकली. मेथीची पानं तोडणारी बोटं थांबली होती. बाजू संपून सुई नुसतीच खरखरायला लागली तेव्हा ती म्हणाली, "हे बरंय की. हे आधी का नाही लावलं?"

"आधीचं ऐकल्याशिवाय याचा अर्थ लागत नाही, मामी."

"मला लागला," म्हणून ती आत गेली. एक्याऐंशी मिनिटांत झालेलं हे एकमेव निर्विवाद समीक्षण.

चौथ्या बाजूआधी मी चहाची सुट्टी मागितली. चहा पिता पिता भाच्याने उरलेलं चरित्र सांगितलं आणि तिथेच मला या सबंध प्रकरणातला माझा माणूस भेटला. अँडरसनला म्हणे रेकॉर्डिंग रानात, निसर्गाच्या सान्निध्यात करायचं होतं. बाकीच्यांतल्या काहींना लंडन हवं होतं. तडजोड म्हणून लंडनच्या स्टुडिओत गवताचे भारे आणून टाकले आणि पुठ्ठ्याच्या गाई उभ्या केल्या. हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघत कीबोर्डवर बसला होता रिक वेकमन. त्याला हे चार बाजूंचं प्रकरण पहिल्यापासून पसरट वाटत होतं. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये हेच सगळं वाजवताना त्याला लांबलचक जागी काही कामच नव्हतं. ऑर्गनखाली दुरुस्तीसाठी आडव्या पडलेल्या मदतनिसाने जेवणाचं विचारलं. त्याने यादी सांगितली. मदतनिसाला वाटलं आत्ताच हवंय. थोड्या वेळाने स्टेजवर, चालू कार्यक्रमात, कीबोर्डवर जेवण मांडलं गेलं आणि वेकमन जेवला. ही हकीकत तो स्वतःच सांगत असतो. यादीत चिकन विंदालू, पापड, भेंडीची भाजी आणि बॉम्बे आलू.

मी कप खाली ठेवला. पुढे श्रुती-स्मृती चालली आहे आणि मागे एक माणूस गोव्याची विंदालू आणि मुंबईच्या नावाचा बटाटा खातोय! हरिश्चंद्र नाही, पण निदान आख्यान मिळालं. 1974 मध्ये तो बँड सोडूनच गेला. रेकॉर्ड मात्र ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेली होती, हे भाच्याने मला दोनदा ऐकवलं.

चौथ्या बाजूला सगळ्यांनी मिळून ताशासारखं काहीतरी बडवलं, फ्रेंचमध्ये 'आपण सूर्याचे आहोत' असं सांगितलं आणि ते थांबले. मी तोवर पापड भाजून घेतला होता. वेकमनच्या सन्मानार्थ.

मग खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या फळीवरून योगानंदांच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद काढला. आईचा होता. मराठी प्रतीत पान 83 वर भलतंच काही निघालं, पण शोधत शोधत तळटीप सापडली. मी ती मोठ्याने वाचली, चष्मा पुसण्याचा वेळ धरून. भाच्याने फोनवर वेळ लावली होती, पण किती भरली ते सांगितलं नाही.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा पाठीवर फक्त लॅपटॉपची बॅग होती. रेकॉर्ड प्लेअर शोकेसवर, कुंडी सरकवून नीट बसवलेला.

"अरे, हे राहिलं."

"राहू दे ना मामा थोडे दिवस," तो बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाला. "रूममेट म्हणालेत, एक तर हे राहील नाही तर ते."

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "राहू दे रे. फक्त ती गिटारची बाजू वर ठेवून जा."