सेन्सरच्या पिना जोडणाऱ्यांनो, आधी तारा तरी मोजा

रविवारी सकाळी धाकट्या मावसभावाचा फोन आला, "दादा, गाडी बंद पडली." काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणे, "काही नाही रे, एसीचा सेन्सर तपासत होतो." तेवढ्यावरूनच कळलं, ते फिरतं फॉरवर्ड याच्यापर्यंतही पोचलं.

मजकूर थोडक्यात असा : एसीचा कंप्रेसर चालू होत नाही म्हणजे प्रेशर सेन्सर (गॅसचा दाब मोजणारा) गेला. कनेक्टर काढा, पिना वायरने जोडा. कंप्रेसर चालला तर सेन्सर खराब, नाही चालला तर कंप्रेसर खराब. स्कॅनरवर (गाडीतले बिघाड वाचायचं यंत्र) सेन्सरचा कोड आला तर विषयच संपला. सेन्सर घरीच बदला, गॅस जात नाही.

पिना जोडण्याचा हा सल्ला जुन्या गाड्यांतला आहे. तिथे दोन तारांचा साधा स्विच असायचा; दोन्ही टोकं जोडली की कंप्रेसरचा क्लच खट्कन पकडायचा. आताच्या बहुतेक गाड्यांत तीन तारा असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. दाब वाढला की सिग्नलचा व्होल्टेज वाढतो आणि तो वाचून कंप्रेसर चालू करायचा की नाही, हे ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, ठरवतो. आता या तीनपैकी कुठल्या दोन पिना जोडायच्या? फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.

आमच्या बंधुराजांनी यू-क्लिप सरळ करून, तीही इंजिन चालू असताना, ५ व्होल्ट आणि अर्थ जोडले. पुष्कळ गाड्यांत तोच ५ व्होल्टचा पुरवठा थ्रॉटलसारख्या इतर सेन्सरांनाही जातो. तो पुरवठाच बसला, इंजिन बंद पडलं, डॅशबोर्डवर दिवे लागले. क्लिप काढून कोड पुसल्यावर गाडी सुरू झाली, हे नशीब.

समजा त्याने ५ व्होल्ट आणि सिग्नल जोडले असते. मग ईसीयूला वाटतं दाब गगनाला भिडलाय, आणि तो कंप्रेसर चालूच करत नाही. फॉरवर्डप्रमाणे निदान काय? कंप्रेसर खराब! म्हणजे ठणठणीत कंप्रेसर काढून ठेवायचा. गंमत म्हणजे हीच जोडणी कामाचीही आहे, पण फ्यूज लावलेल्या वायरने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये पिना बघून, आणि नजर कंप्रेसरवर नव्हे तर स्कॅनरवर ठेवून. आकडा वरच्या टोकाला गेला तर सिग्नलची तार आणि ईसीयू ठीक आहेत.

जुन्या दोन तारांच्या गाडीतही हा खेळ बरा नाही. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसताना जबरदस्तीने चालवलात तर तो कोरडा घासून जाम होतो. स्विचने कंप्रेसर अडवला होता तो याचसाठी.

कोडचं म्हणाल तर पी०५३२ म्हणजे सेन्सरकडून येणारा सिग्नल कमी, पी०५३३ म्हणजे जास्त. बस. तार तुटली, कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला, काही गाड्यांत तर गॅसच संपला, तरी पी०५३२ येऊ शकतो.

खरी तपासणी गेजने, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या काट्याने, होते. गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता गेज लावा आणि गॅसचा दाब-तापमान तक्ता उघडा. गॅस आर-१३४ए असेल आणि हवा ३० अंश असेल तर गेजवर साधारण ६.७ बार दिसायला हवेत. तेवढे दिसले म्हणजे आत थोडा तरी द्रव गॅस आहे (पुरेसा आहे की नाही, ते वजनावरच कळतं). आता स्कॅनरवरचा आकडा बघा. काही स्कॅनर हवेचा दाब धरून सांगतात, तेव्हा एक बारचा फरक सोडून द्या. गेज ६.७ आणि स्कॅनर शून्य किंवा तीस म्हणत असेल, तरच सेन्सर आणि वायरिंगच्या मागे लागा.

"गॅस जात नाही" हे मात्र, नाइलाजाने, अर्धं खरं. पुष्कळ गाड्यांत सेन्सरखाली व्हॉल्व्ह असतो. पण सगळ्या गाड्यांत नसतो, आणि आपल्या गाडीत आहे का हे पाना फिरवल्यावर कळून उपयोग नाही.

संध्याकाळी भावाच्या गाडीला गेज लावला. काटा एक बारच्याही खाली. कंडेन्सरच्या जोडापाशी तेलकट धूळ चिकटलेली, म्हणजे गॅस तिथूनच गळालेला. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. नवा मागवलेला अजून खोक्यातच आहे. विजेची वस्तू, परत घेत नाहीत म्हणे.