शंभरात सदतीस

चित्राला फ्रेम करून घेणं हे पासपोर्टचं नूतनीकरण करण्यापेक्षा अवघड काम आहे. परवा चित्रकार रझांचं सेरिग्राफ घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

सेरिग्राफ, म्हणजे सहीची छापील प्रत, कारण मूळ चित्राची ऐपत नाही. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. आरा एकेकाळी मोटारी धुवायचे, हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. त्याच हुसेनांचं १९५४चं 'ग्रामयात्रा' २०२५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. त्याआधी ते कित्येक वर्षं ओस्लोच्या एका इस्पितळात टांगलेलं होतं. नॉर्वेचे पेशंट जे फुकटात बघत होते, त्याच्या जवळपास जाण्यासाठी मी हप्ते भरतोय!

दुकानात एक निवृत्त मास्तर आपलं मानपत्र फ्रेम करून घ्यायला आले होते. मी चित्र उलगडलं, तशी त्यांची नजर थेट खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या आकड्यांवर गेली.

"सदतीस छेद शंभर. पास आहे हो, पण काठावर."

मी समजावलं की शंभर प्रती काढल्या, त्यातली ही सदतिसावी.

"कशा काढल्या?"

प्रत्येक रंगाची वेगळी जाळी असते, तिच्यातून रबरी पट्टीने शाई ओढतात, एक रंग वाळला की दुसरा, असं मी (जरा रंगवूनच) सांगितलं.

"म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग! आमच्या धाकट्याच्या लग्नपत्रिका अश्शाच छापल्या. तीनशे. नंबर टाकायचे राहिले."

संताप याचा, की माणूस बरोबर बोलत होता. मग मी घाईघाईने सांगितलं की चित्रकाराच्या स्वतःच्या काही प्रती या शंभराबाहेर असतात.

"म्हणजे शंभर म्हणायचं आणि जास्त छापायचं. बरं. हा मधला काळा गोळा काय?"

आता माझा हुकमी पत्ता. म्हटलं, सर, रझा लहानपणी वर्गात फार चंचल. तेव्हा त्यांच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि 'याच्याकडे बघत बस' म्हणून सांगितलं. पुढे तोच बिंदू जगभर गाजला. मास्तर विरघळतील अशी माझी अपेक्षा.

ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे कल्पना मास्तरांची! त्यांना काय मिळालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मी चौतीस वर्षं फळ्यावर ठिपके काढले. मिळालं काय, तर हे," असं म्हणून त्यांनी मानपत्र हवेत नाचवलं. त्यावर त्यांचं आडनाव चुकीचं छापलेलं होतं. फ्रेमवाला त्यांच्या बाजूने मान डोलवत होता, आणि डोलवता डोलवता त्याने खोडरबर उचललं.

"साहेब, ही पेन्सिलची घाण काढून टाकू?"

मी ओरडलो. ती घाण म्हणजेच रझांची सही, अर्धी किंमत तिचीच! मग त्याने कडेची पांढरी पट्टी कापायचं सुचवलं. फ्रेम लहान होईल, तुमचेच पैसे वाचतील म्हणे. तेही नको म्हटलं. चित्राभोवती बसवायचा पुठ्ठा, म्हणजे माऊंट, आम्लरहित मागितला, तर "ॲसिडवाला आम्ही ठेवतच नाही" असं छातीठोक उत्तर मिळालं. साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो हे ऐकून मास्तर म्हणाले, "पडू दे की, जुनं दिसेल. जुन्याला भाव आहे."

काल फ्रेम घरी आली. माऊंट सुबक कापलाय, काच लख्ख. सही आणि सदतीस छेद शंभर, दोन्ही माऊंटखाली गडप. फोन केला, तर म्हणतो, "डिझाईन स्वच्छ दिसावं म्हणून झाकलं. काकांनीच सुचवलं."

माऊंट पुन्हा कापायचे पैसे वेगळे पडतील म्हणाला. मास्तरांच्या मानपत्राला मात्र त्याने माऊंट फुकट दिला म्हणे, आडनाव झाकण्यापुरता.