गोधडी, खोळ आणि अमिग्डला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली ती पहिल्या वेळी राग आला म्हणून. मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं : बहिणीच्या डॉक्टरी कागदावर आधी डिप्रेशन, मग पॅनिक (अचानक उसळणारी तीव्र भीती), मग जनरलाइज्ड एन्झायटी (सतत, सगळ्याचीच चिंता), नावं तीन, तब्येतीत फरक शून्य. आणि मी मेंदूची चित्रं टाकून जुन्याच गोधडीला नवी खोळ घालतोय.

खोळीचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. अमिग्डला हा मेंदूतला खोलवरचा एक छोटा भाग. ‘अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र’ असं मी लिहिलं होतं. ढोबळ होतं. ढोबळ कसलं, चुकलंच. दोन्ही बाजूंचे अमिग्डला आजाराने निकामी झालेली एक बाई संशोधनात एसएम या आद्याक्षरांनी ओळखली जाते. साप बिनधास्त हातात घेणारी. तिला आणि तशाच आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला वायू हुंगायला दिला, तर तिघींनाही पॅनिक आला. म्हणजे अमिग्डला निकामी असूनही भीती उसळली. हा अभ्यास २०१३ सालचा, म्हणजे मला माहीत नव्हता अशी सबबही नाही.

आता तीन नावं. उदासी आणि चिंता एकाच माणसात सापडणं हे आम्हा थेरपिस्टांकडे रोजचंच. चूक होते ती रांग लावण्यात : आधी पॅनिक निपटू, मग डिप्रेशन बघू. पेशंट रांगेतच दमतो.

एक उदाहरण देतो, परवानगीने आणि तपशील बदलून. नाशिकच्या भांडी बाजारात दुकान असलेले एक काका. गर्दीत दोनदा छाती धडधडली, गल्ल्यावर मुलगा बसू लागला. दुकान सुटलं तसं सकाळी उठायचं कारण सुटलं, गोदाकाठचं फिरणं सुटलं. चार महिन्यांत अंघोळीलाही कंटाळा. यात चिंता कुठे संपली आणि उदासी कुठे सुरू झाली, ती रेघ त्यांच्या बायकोलाही मारता आली नसती. दोन्हींना खतपाणी एकच : टाळणं. टाळलं की लगेच बरं वाटतं, म्हणून ते सुटत नाही.

आम्ही दुकानातच सुरुवात केली. बिलबुकाच्या मागे त्यांनी लिहिलं : ‘दहा मिनिटांत चक्कर येऊन पडणार. खात्री ९० टक्के.’ पडले नाहीत. म्हणाले, ‘पाण्याची बाटली होती ना जवळ!’ पुढच्या वेळी बाटली घरी. चाळीस मिनिटं बसले, मध्ये एक पातेलं आणि दोन तांबे विकले. धडधड शेवटपर्यंत होती. घामाने हातातली नोट ओली झाली होती, ती मला दाखवली.

मेंदूविज्ञान माझ्या कामात शिरतं ते इथे, चित्रांत नाही. पूर्वी आम्ही पेशंटला भीतीच्या जागी भीती उतरेपर्यंत बसवून ठेवायचो. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के यांच्या मांडणीत भीती किती उतरली यापेक्षा अंदाज किती चुकला, याला जास्त महत्त्व. कारण जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण तयार होते आणि मेंदूचा पुढचा भाग तिच्या जोरावर जुनीला दाबून धरतो. खाण्याच्या इशाऱ्यावर लाळ गाळायला शिकलेल्या पावलॉव्हच्या कुत्र्यांमध्येही विझलेली सवय विश्रांतीनंतर पुन्हा उगवली होती. शिवाय ही नवी शिकवण जागेला बांधलेली असते. भांडी बाजारात शिकलेलं रामकुंडावरच्या गर्दीत आपसूक लागू होत नाही. म्हणून काकांना रामकुंडावर नेलं, सिटीलिंकच्या भरल्या शहर बसमध्ये उभं केलं, संध्याकाळी सीबीएस बसस्थानकावर थांबवलं. भीती परत येईल, हेही आधीच सांगून ठेवलं. तीन महिन्यांनी सिन्नरच्या एका लग्नात आली. फोनवर एवढंच म्हणाले, ‘पाहुणा आलाय. पंगत उरकून येतो.’

रांग न लावता असं सगळं एकत्र हाताळणं सरस ठरलंय का? जपून सांगतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी अशा आजारांसाठी एकच समाईक उपचार बांधला. २०१७ सालच्या २२३ जणांच्या चाचणीत तो प्रत्येक आजाराच्या वेगळ्या उपचाराच्या तोडीचा ठरला. तोडीचा, वरचढ नाही. उपचार अर्ध्यात सोडणारे मात्र कमी होते, आणि माझ्यासारख्याला ते फार मोठं वाटतं.

गोळ्यांशी माझं भांडण नाही. काकांच्या खिशातल्या पट्टीचं काय करायचं ते त्यांच्या सायकियाट्रिस्टनीच ठरवलं.

बहिणीला एक विचाराल? पर्समध्ये ‘असू दे’ म्हणून ती काय ठेवते, आणि कुठे जायचं तिने हळूच बंद केलंय? उत्तर इथे लिहू नका, तिच्यावर उपचार करणाऱ्यांना सांगा. अमिग्डलाचं ते वाक्य मी लेखातून आज काढलंय. का काढलं आणि कोणामुळे, ते त्या लेखाखाली लिहिलंय. तुमचं नाव घालायचं की नको, तेवढं कळवा.