इंजेक्शन लागू पडलं नाही तर?
एपिड्युरलने, म्हणजे बाळंतपणात पाठीत बारीक नळी घालून देतात त्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनने, कळांचं दुखणं पुष्कळ कमी होतं असं तुमच्या एपिड्युरलवरच्या लेखात लिहिलंय, ते खरंच आहे. पण ते कधी कधी लागू पडत नाही, हे त्यात कुठेच नाही. साधारण दहातल्या एकीला ते नीट काम करत नाही. हे बाईला आधीच सांगायला हवं.

माझी भाची यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली. बाळंतपणाला नागपूरच्या खासगी दवाखान्यात नेली. पाठीत बारीक नळी घातली, उजवा पाय जड पडला, डावीकडे कळा मात्र तशाच. "मावशी, एकाच अंगानं दुखून राह्यलं," म्हणत तिने पलंगाची दांडी घट्ट धरून ठेवली होती. नर्स म्हणाली, थोडं सहन करा. आम्ही हट्टच धरला तेव्हा भूलतज्ज्ञ आले. त्यांनी बर्फ लावून दोन्ही बाजू तपासल्या, नळी जराशी मागे ओढली, औषध वाढवलं. हळूहळू पोरगी शांत झाली. नळीचं टोक एका बाजूला सरकलं की असं होतं म्हणे. तरीही भागलं नाही तर नळी काढून नव्याने घालतात.

म्हणजे उपाय आहे, पण भूलतज्ज्ञ जवळ पाहिजे. आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नसतोच. तिथे सोबतीला बसलेली आई नाहीतर आशाताई, एवढाच आधार.

इंजेक्शन घेऊनही दुखतंय असं बाई म्हणाली तर लगेच भूलतज्ज्ञाला बोलवा, एवढं वाक्य लेखात ठळक अक्षरात टाकाच.