वसाहतकालीन अमेरिकी नोटा: पिवळा कागद हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे

सध्या एक मजकूर सर्वत्र फिरतो आहे. १७७६ च्या आसपासच्या अमेरिकी कागदी नोटा जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्यामुळे घरात सापडलेली प्रत्येक नोट लाखमोलाची असते, कागद पिवळा व कुरकुरीत असला की ती अस्सल समजावी आणि विकण्यापूर्वी धुऊन घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान खरे नाही, आणि त्यावर विसंबणाऱ्याचे नुकसान ठरलेले आहे.

मॅसॅच्युसेट्स वसाहतीने क्वेबेकच्या फसलेल्या मोहिमेतून परतलेल्या सैनिकांना पगार देण्यासाठी १६९० मध्ये काढलेल्या नोटा दुर्मीळ आहेत, हे मान्य. पण काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे ब्रिटनविरुद्ध उठलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, १७७५ ते १७७९ या काळात सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा काढल्या, आणि त्यांची पत इतकी बुडाली की १७९० मध्ये सरकारने शंभर डॉलरच्या नोटांमागे एका डॉलरचे रोखे देऊ केले. त्यांतल्या पुष्कळ नोटा आजही टिकून आहेत; वापरून जीर्ण झालेली साधी नोट शे-दोनशे डॉलरांत मिळते. याउलट २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ या तारखांच्या नोटा बनावटीचा सुळसुळाट झाल्याने काँग्रेसने परत मागवल्या होत्या, म्हणून त्यांना जास्त मोल येते. निव्वळ जुनेपणावर किंमत ठरत नाही.

कागदाबद्दलचे विधान सर्वांत घातक आहे, कारण तपकिरी-पिवळा, हातात वाजणारा, चर्मपत्रासारखा कागद ही तर स्मरणवस्तूंच्या दुकानांत पाकिटाने विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतींची खूण आहे. खरा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला, जाडसर असे. पेनसिल्व्हेनियाच्या कित्येक नोटांच्या कागदात अभ्रकाचे कणही चमकतात. मुद्रक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने तर झाडाच्या खऱ्या पानावरून साचा घेऊन त्याच्या शिरांचा ठसा नोटेच्या मागे उमटवला, कारण इतक्या बारीक शिरा हाताने कोरणे नकलाकाराला फार जड जाई. (त्या युक्तीचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.) क्रमांक आणि सह्या हाताने, शाईने केलेल्या असत. प्रतिकृतीत मात्र त्याही छापलेल्या असतात, आणि एका साच्याच्या सगळ्या प्रतींवर तोच क्रमांक दिसतो. प्रतिकृतीवर ‘कॉपी’ हा शब्द घालणे अमेरिकी कायद्याने १९७३ मध्ये बंधनकारक केले. त्यापूर्वीच्या प्रतींवर तो शोधून उपयोग नाही.

राहिला धुण्याचा सल्ला. पाण्याने छापील मजकूर कदाचित टिकेल, पण हाताने केलेली सही फिकटते, आणि जाणकार संग्राहक नोट हातात आल्यावर प्रथम तीच पाहतो.