चड की चूड?

कुडाळ स्टँडजवळच्या टपरीवर आमच्या शॉर्ट फिल्मचं पोस्टर बघून एक जण म्हणाला, "चड? म्हणजे चड्डी काय?" अहो, फिल्मचं नाव 'चूड' आहे, सुक्या झावळांची पेटवतात ती चूड. आम्ही रक्त ठिबकणारा फॉन्ट घेतला आणि दीर्घ ऊकार त्या थेंबांत असा काही मिसळला की लोकांना दिसेचना, आणि आम्हाला महिनाभर कळलं नाही कारण आमचं नाव आधीच पाठ.

त्याआधी रीतसर गुगल फॉर्म फिरवला होता बरं का, पोस्टर कसं वाटलं, एक ते पाच स्टार. भरणारे सगळे वर्गातलेच, सगळ्यांचे पाच स्टार, खाली 'कडक भावा'. माझं आता स्पष्ट मत झालंय की 'कसं वाटलं' हे विचारूच नये. टपरीवर आम्ही पाच सेकंद पोस्टर दाखवायचो, उलटं करायचो आणि विचारायचो, काय दिसलं? एका काकांना दारूबंदीची जाहिरात वाटली. (लाल डोळे, बरोबरच आहे म्हणा.) मागची पोफळीची बाग तर कुणी बघितलीच नाही, लॅपटॉपवर काय गूढ दिसायची, पण स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो आणि कागदाला नसतो, प्रिंटवर नुसता काळा ठोकळा.

टीझरचं पण तेच. खालच्या सुरातली घरघर आम्ही हेडफोन लावून बसवली होती आणि लोक म्हणाले आवाजच नाही, कारण फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेवढा खालचा सूर निघतच नाही. यूट्यूबचा ग्राफ पाहिला तर कॉलेजचा लोगो आणि 'सादर करीत आहोत' संपेपर्यंत अर्धी माणसं पळालेली, भूत येणार कधी!

पण खरी वाट लावली ती आज्जीने. चष्मा लावून पोस्टर बघितलं आणि म्हणाली, "ह्यो खंयचो देवचार? तेचे डोळे असे लाल कित्याक? तो राखणदार मा रे!" मी गप्प. आमच्याकडे देवचार म्हणजे गावची राखण करणारा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा, आणि आम्ही त्याला बाहेरच्या सिनेमातला राक्षस करून टाकलेला. सिंधुदुर्गात राहून! लाज वाटली खरं सांगतो.

मग चेहराच काढला. आता काळोखी पाणंद आणि लांब पुढे एक चूड, बस. घरघरीच्या जागी दगडावर काठी आपटल्याचा टक टक, तो कुठल्याही फोनवर ऐकू येतो. पांढऱ्या साडीतली बाई टाका आणि मालवणी काढून शुद्ध मराठी करा या सूचना मात्र घेतल्या नाहीत, घेणारही नाही, भांडायचं असेल तर खाली भांडा.

परवा नवीन पोस्टर त्याच टपरीवर नेलं. पाच सेकंद, उलटं. चहावाला म्हणाला, "पुढे चालतोय तो कोण रे?" आम्ही उड्या मारायचेच बाकी होतो.

घरी येऊन आज्जीला दाखवलं. बराच वेळ बघितलंन. "आता बरा आसा," म्हणाली, "पण चूड धरून कोण चलता? पायात वाणो तरी दाखवा." (वाणो म्हणजे वहाणा.)

वीस कॉपी छापून झाल्यात हो आज्जी.